कोळंबीच्या सालांचं कायटोसान आणि जांभ्याच्या विहिरीचं गढूळ पाणी

प्रकल्पाला येणारी बहुतेक मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "मॅडम, पॉलिमर कधी करायला घ्यायचं?" माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी पाणी. ज्या पाण्यासाठी पॉलिमर करायचं त्याचे चार आकडे वहीत नसतील, तर पॉलिमर कितीही चांगलं उतरलं तरी त्याचं पुढे काय करायचं ते कळत नाही. रत्नागिरीत आमचा छोटा गट पॉलिमर आणि पाणी या दोन गोष्टींवर काम करतो. नव्या मुलांना जे दरवर्षी तोंडी सांगते ते इथे सविस्तर लिहिते आहे. किनाऱ्यावरच्या कुठल्याही कॉलेजात, साधी प्रयोगशाळा असेल तर, हे करता येईल.

थोडक्यात काम असं. कोळंबीच्या सालात कायटिन नावाचं नैसर्गिक पॉलिमर, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ, असतो. ते पाण्यात विरघळत नाही. तीव्र कॉस्टिक सोड्यात तापवलं की त्याच्या साखळीवरचे ॲसिटिल गट निघतात, मोकळे अमाइन गट उरतात आणि कायटोसान तयार होतं. सौम्य आम्लात ते विरघळतं आणि साखळीवर धन प्रभार येतो. गढूळ पाण्यातले मातीचे बारीक कण बहुधा ऋण प्रभाराचे असतात, एकमेकांना ढकलत राहतात, म्हणून तासन् तास खाली बसत नाहीत. कायटोसान त्यांचा प्रभार मारतं, शिवाय एकच लांब साखळी अनेक कणांना धरते, आणि गुठळ्या होऊन गाळ बसतो.

ही युक्ती जुनी आहे. फ्रान्समध्ये ब्राकोनो यांना १८११ मध्ये अळंबीत हा पदार्थ सापडला आणि १८५९ मध्ये रुझे यांनी तो तीव्र अल्कलीत उकळून आम्लात विरघळणारा केला. आज आपण करतो ती मुख्य पायरी तीच आहे.

वेळेचं गणित मात्र कोकणाचं आहे आणि ते चुकवून चालत नाही. पाणी गढूळ होतं जूनमध्ये. जूनच्या सुरुवातीलाच यांत्रिक मासेमारी बंद होते आणि सालं मिळेनाशी होतात. म्हणजे कायटोसान एप्रिल-मेमध्ये करून, तपासून, कोरड्या बाटलीत तयार हवं. पहिला जोराचा पाऊस पडला की त्याच दिवशी नमुने घ्यायला निघायचं.

पाण्याची ओळख

आपल्याकडचं पाणी पुस्तकातल्या पाण्यासारखं नसतं. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा वर पडतो, जमीन जांभ्याची, आणि जांभ्यातून विरघळणारे क्षार लाखो वर्षांच्या पावसाने केव्हाच धुऊन गेलेत. त्यामुळे विहिरीचं पाणी मऊ असतं आणि पीएच पुष्कळदा ७ च्या खाली. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अल्कलिनिटी कमी असते. आम्ल पडलं तर ते झेलायची पाण्याची ताकद म्हणजे अल्कलिनिटी.

ही मोजायला काही लागत नाही. १०० मिली पाणी घ्या, मिथिल ऑरेंजचे दोन थेंब टाका, ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्लाने टायट्रेट करा, म्हणजे रंग बदलेपर्यंत ते थेंबाथेंबाने घालत जा. जितके मिली लागले त्याला १० ने गुणलं की कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपातली अल्कलिनिटी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये मिळते. म्हणजे २ मिली लागलं तर २०.

आता तुरटीचा हिशोब करा. घरातली तुरटी म्हणजे पोटॅश ॲलम. १०० मिलिग्रॅम तुरटी साधारण ३२ मिलिग्रॅम अल्कलिनिटी खाते. पाण्यात मुळात २० च असेल तर ती संपते, पीएच धाडकन खाली येतो, गुठळ्या नीट होत नाहीत आणि ॲल्युमिनियम विरघळलेलंच राहतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ॲल्युमिनियमची इष्ट मर्यादा ०.०३ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि पर्याय नसेल तर ०.२ आहे. देशावरच्या कठीण पाण्यात जी तुरटी सरळ चालते ती आपल्या विहिरीत का बिघडते, त्याचं हे कारण. कायटोसान अल्कलिनिटी जवळपास खात नाही, आणि किंचित आम्लधर्मी पाण्यात त्याचा प्रभार उलट जास्त टिकतो. कोकणासाठी या पॉलिमरवर जीव लावावासा मला वाटतो तो याचसाठी.

गढूळपणा नेफेलोमीटरवर, म्हणजे गढूळपणा मोजायच्या यंत्रावर, एनटीयू या एककात मोजा. मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात १ पर्यंत इष्ट, पर्याय नसेल तर ५. पीएच आणि विद्युतवाहकताही लिहा. वाहकता एवढ्यासाठी की खाडीजवळच्या विहिरीत मीठ शिरलेलं असेल तर कणांचे प्रभार झाकले जातात आणि पॉलिमरची मात्रा बदलते. भाट्याच्या खाडीलगतची विहीर आणि वर सड्यावरची विहीर एकाच तक्त्यात मांडू नका.

नमुना पोहऱ्याने काढताना तळ ढवळू नका, आणि प्रयोग त्याच दिवशी करा. रात्रभर ठेवलेल्या कॅनमध्ये बारीक कण आपसात जुळतात, विरघळलेलं लोह हवेने पिवळं होऊन बसतं, आणि सकाळी तुम्ही वेगळ्याच पाण्यावर काम करत असता.

सालं कुठून आणि कशी

सोडे (सोलून वाळवलेली कोळंबी) घालायचा हंगाम म्हणजे आपली सुगी. मिरकरवाड्याला, हर्णैला, कुठल्याही बंदरालगतच्या वस्तीत बायका कोळंबी सोलत बसलेल्या असतात आणि सालांचा ढीग बाजूला पडलेला असतो. त्यातलं बरंचसं माडाच्या आळ्यात जातं किंवा फेकलं जातं. मिरकरवाड्याच्या एक भाभी आमच्यासाठी सालं वेगळी ठेवतात. त्यांनी पहिल्याच वेळी सांगून टाकलं होतं, "सालं न्या मॅडम, पैसे नकोत. पण आत्ताच्या आत्ता न्या. दुपार झाली की हातात धरवणार नाहीत." प्रयोगाच्या कुठल्याही कृतीत न छापलेली ही पहिली पायरी आहे. कुजायला लागलेल्या सालात सूक्ष्मजीव कायटिनची साखळीसुद्धा तोडायला लागतात. बर्फाचा डबा घेऊन जा.

मुंडकी घेऊ नका. त्यांत प्रथिनं आणि चरबी जास्त, कामाचं कायटिन कमी. अंगाची आणि शेपटीची सालं घ्या. करंदी चालते, पण सालं इतकी पातळ की धुताना निम्मी गाळणीतून जातात. जवळा या कामाचा नाही. कुर्लीच्या कवचात कॅल्शियम कार्बोनेट फार असतं, आम्ल जास्त लागतं. आणि माकूल साफ करताना आतून जो पारदर्शक, पिसासारखा काटा निघतो तो कधी टाकू नका. त्यात खनिज जवळजवळ नसतं आणि कायटिनही वेगळ्या मांडणीचं, सैल असतं, कॉस्टिक चटकन आत शिरतं. ते जमवून एखाद्या विद्यार्थ्याने स्वतंत्र प्रकल्प करावा असं मला फार वाटतं.

सालं नळाखाली चोळून धुवा, खळ्यात जाळीखाली उन्हात वाळवा, मग ओव्हनमध्ये ६० अंशांवर ठेवा. हाताने मोडली तर कट्ट आवाज यायला हवा. मिक्सरवर भरड करा. पीठ करू नका, पीठ गाळताना रडवतं.

आम्ल

कोरड्या सालात ढोबळमानाने एक तृतीयांश ते अर्धा भाग कॅल्शियम कार्बोनेट, तेवढ्याच्या आसपास प्रथिनं आणि पाव भागापर्यंत कायटिन असतं. १०० ग्रॅम सालं घेतली आणि त्यात ४० ग्रॅम कार्बोनेट धरलं तर ते ०.४ मोल झालं. त्याला ०.८ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं, म्हणजे १ मोलर आम्लाचे ८०० मिली. आपण दीड लिटर घेतो. बाटलीतलं तीव्र आम्ल साधारण ८५ मिली घेऊन पाण्यात ओतत एक लिटर केलं की १ मोलर होतं. नेहमी आम्ल पाण्यात ओतायचं.

त्या ०.४ मोलमधून खोलीच्या तापमानाला जवळजवळ १० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि प्रथिनांमुळे त्याचा दाट, गुलाबीसर फेस होतो. हा आकडा एकदा वहीत स्वतःच्या हाताने काढला की एक लिटरच्या बीकरमध्ये हे का करायचं नाही ते पटतं. पाच लिटरची प्लॅस्टिकची बादली घ्या. सालं त्यात घाला आणि आम्ल पाव-पाव लिटरने ओता, प्रत्येक वेळी फेस बसू द्या. फेस वर येतो तेव्हा सालं त्याबरोबर वर उचलली जातात आणि कोरडी राहतात. काचेच्या दांडीने खाली दाबत राहा. बादली थंड पाण्याच्या टबात ठेवा, कारण मे महिन्यात खोलीच मुळात तापलेली असते आणि आम्ल गरम झालं की साखळीचे दुवे तुटतात. आखूड साखळीचं कायटोसान विरघळतं झकास, पण गुठळ्या बांधायला कमी पडतं.

दोन-तीन तासांनी थोडी सालं काढून ताज्या आम्लात टाका. बुडबुडा आला नाही तर झालं. हातात घेतलीत तर ती आता मऊ, पारदर्शक, वाकवली तरी न मोडणारी असतात. खात्री हवी असेल तर वाळवून १ ग्रॅम मुशीत जाळा, राख एक टक्क्याच्या आत हवी.

मग धुणं. इथे मी मुलांवर कडक असते. मेमध्ये जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्यांना टँकरचं पाणी लागतं आणि आपण पाण्यावर संशोधन करताना नळ सोडून ठेवायचा, हे मला पाहवत नाही. एकदाच भरपूर पाण्याने धुण्यापेक्षा थोड्या थोड्या पाण्याने अनेकदा धुतलं, दर वेळी पूर्ण निथळवलं, तर कितीतरी कमी पाण्यात तेच काम होतं. निथळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पांढरट झाक येईनाशी झाली की थांबा. त्यासाठी शेवटची धुणी डिस्टिल्ड पाण्याची हवीत, नळाच्या पाण्यात स्वतःचं क्लोराइड असतंच.

कॉस्टिक, दोन वेळा

पहिल्यांदा सौम्य. लिटरला ४० ग्रॅम कॉस्टिक, ६५ ते ७० अंश, दोन तास. प्रथिनं सुटून पाणी लालसर-तपकिरी होतं. ओतून द्या, नवं घाला, पुन्हा दोन तास. संपलं की नाही हे डोळ्यावर सोडू नका. थोडं पाणी परीक्षानळीत घेऊन सौम्य मोरचुदाचे दोन थेंब टाका. जांभळी छटा आली तर प्रथिन अजून आहे. धुऊन वाळवल्यावर १०० ग्रॅम सालांमागे २० ग्रॅमच्या आसपास फिकट गुलाबी कायटिन मिळतं. गुलाबी रंग ॲस्टॅक्सँथिन या कोळंबीतल्या रंगद्रव्याचा. ॲसिटोनने तो निघतो. हायपोक्लोराइटने पांढरंशुभ्र करायचा मोह होतो, पण त्याने साखळी तुटते, आणि पाणी निवळायला रंगाची काही अडचण नाही. मी ब्लीच करू देत नाही.

दुसऱ्यांदा तीव्र, आणि ही पायरी शिक्षकांशिवाय करायची नाही. २५० मिली पाण्यात २५० ग्रॅम कॉस्टिक थोडं थोडं करत विरघळवायचं, भांडं गार पाण्यात ठेवून, कारण विरघळतानाच ते उकळीच्या जवळ तापतं. भांडं स्टेनलेस स्टीलचं. ॲल्युमिनियमचं पातेलं चुकूनही नको, कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन सुटतो. डोळ्यांना बंद गॉगल, हातात लांब जाड हातमोजे, ओढणी काढून बाहेर, केस बांधलेले, धुराड्याखाली काम. अंगावर थेंब उडाला तर आधी पाणी, निदान पंधरा मिनिटं वाहतं पाणी, बाकी सगळं नंतर. डोळ्यात गेलं तर धुता धुताच डॉक्टर गाठायचे. घरी, स्वयंपाकघरात, गच्चीवर हे कुणीही करू नये, व्हिडिओत कितीही सोपं दिसलं तरी.

त्यात २० ग्रॅम कायटिन घालून १०० अंशांवर दोन ते तीन तास, झाकण ठेवून, कारण गरम अल्कलीत हवेतला ऑक्सिजनही साखळी तोडतो. नायट्रोजनची सोय असेल तर सोडा. गार झाल्यावर गाळा. गाळलेलं कॉस्टिक फेकू नका, सुमारे १९ पट पातळ केलं की पुढच्या खेपेच्या सौम्य पायरीला तेच चालतं. पाणी फिनॉल्फ्थॅलीनला (अल्कलीत गुलाबी होणारा दर्शक) रंग देईनासं होईपर्यंत कायटोसान धुवा आणि ६० अंशांवर वाळवा. १६-१७ ग्रॅम मिळालं तर हिशोब बरोबर आहे. ॲसिटिल गट गेले की वजन एवढं घटायलाच हवं. वजन घटलंच नसेल तर ते अजून कायटिनच आहे.

बनलं का ते बघणं

१ टक्का ॲसेटिक आम्लात चिमूटभर टाका आणि भिंगातून पाहा. चांगलं कायटोसान लगेच विरघळत नाही. आधी प्रत्येक कणाभोवती भिजवलेल्या सब्जासारखी पारदर्शक कड फुगते, मग ती रुंद होत जाते, मधला पांढरा ठिपका लहान होतो, आणि सकाळपर्यंत बाटलीत नुसता दाट, किंचित पिवळसर द्रव उरतो. ठिपके तसेच राहिले तर गाळा, वाळवा, वजन करा आणि तो आकडा लपवू नका.

किती ॲसिटिल गट निघाले हे टायट्रेशनने काढा. ०.२ ग्रॅम कायटोसान ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाच्या २० मिलीत विरघळवा, थोडं पाणी घाला, आणि पीएच मीटर लावून ०.१ मोलर कॉस्टिकने टायट्रेट करा. आलेखात दोन उड्या दिसतात. पहिली उरलेल्या आम्लाची, दुसरी अमाइन गटांची. समजा पहिली १० मिलीला आणि दुसरी २० मिलीला आली. मधल्या १० मिलीत १ मिलिमोल अमाइन. ०.२ ग्रॅमला ०.००१ मोलने भागलं की २००. त्यात ४२ मिळवले की २४२. २०३ भागिले २४२ म्हणजे ०.८४, म्हणजे ८४ टक्के. २०३ हे साखळीतल्या ॲसिटिल असलेल्या दुव्याचं वजन आणि ४२ म्हणजे ॲसिटिल गेल्यावर घटलेलं वजन. सूत्र पाठ करू नका, या दोन आकड्यांवरून उभं करा. दुसऱ्या उडीजवळ कायटोसान बाहेर पडून इलेक्ट्रोडवर चिकटतं, तिथे थेंबाथेंबाने आणि थांबून जा. आयआर (अवरक्त वर्णपट काढणारं) यंत्र कुठे मिळालं तर १६५५ आणि १५९० च्या पट्ट्या पाहा, पण आकडा टायट्रेशनचाच धरा.

साखळीच्या लांबीसाठी ऑस्टवाल्ड व्हिस्कोमीटर, म्हणजे द्रावणाचा दाटपणा मोजायची काचेची नळी, पुरतो. दोन खेपांची तुलना तरी नक्की होते.

जार टेस्ट

आता जून. विहिरीतलं, पऱ्यातलं किंवा काजळी नदीचं लाल पाणी आलं आहे.

१ ग्रॅम कायटोसान १ टक्का ॲसेटिक आम्लाच्या १०० मिलीत रात्रभर ढवळून, बारीक नायलॉनच्या कापडातून गाळून ठेवलेलं असतं. ते दहापट पातळ केलं की एका मिलीत १ मिलिग्रॅम. लिटरभर पाण्यात १ मिली टाकलं की मात्रा १ मिलिग्रॅम प्रति लिटर. द्रावण शिळं वापरू नका, आम्लात पडून पडून साखळी आखूड होते.

सहा बीकर, प्रत्येकी एक लिटर. मात्रा शून्य, ०.५, १, २, ४, ८. मिनिटाला १२० फेऱ्यांच्या वेगाने मिनिटभर जोरात, मग ३० च्या वेगाने वीस मिनिटं, मग अर्धा तास शांत. सहा पात्यांचं यंत्र नसेल तर मॅग्नेटिक स्टररवर एकेक करा, वेळ लागेल पण होईल.

संथ ढवळणं सुरू झालं की मोबाइल बाजूला ठेवून बीकरकडे बघा. सुरुवातीला काही होत नाही, सगळे बीकर सारखेच लाल. मग एखाद्या बीकरमध्ये रंग सारखा न राहता रवाळ होतो. आणखी काही मिनिटांनी रव्यांमधलं पाणी दिसायला लागतं, मागे धरलेल्या कागदावरची अक्षरं त्या फटींतून वाचता येतात. ढवळणं थांबताच गुठळ्या खाली यायला लागतात. कोणत्या बीकरमध्ये हे कितव्या मिनिटाला झालं ते लिहून ठेवा. शेवटच्या एनटीयूच्या आकड्यात ते दिसत नाही, आणि गावात मोठ्या टाकीत काम करायचं झालं तर तेच लागतं.

अर्ध्या तासाने पृष्ठभागाखाली दोन-तीन सेंटिमीटरवरून पिपेटने नमुना घ्या. गढूळपणा, पीएच, अल्कलिनिटी मोजा आणि आलेख काढा.

नवी मुलं इथे हमखास दचकतात. गढूळपणा मात्रेबरोबर घटत जातो, एका ठिकाणी तळ गाठतो आणि मग पुन्हा वाढतो. ८ चा बीकर २ च्या बीकरपेक्षा गढूळ दिसू शकतो. प्रयोग फसलेला नसतो. जास्त पॉलिमर कणांवर बसलं, कण आता धन झाले, आणि पुन्हा एकमेकांना ढकलू लागले. म्हणून "थोडं जास्त टाकलं तर बरं" हा तुरटीच्या हाताचा अंदाज इथे चालत नाही. तळाच्या आसपास आणखी जवळजवळच्या मात्रा घेऊन दुसरी फेरी करा.

जांभ्याची आणखी एक खोड आहे. शोधनिबंधांत पुष्कळदा शुद्ध केओलिन चिकणमाती पाण्यात कालवून प्रयोग करतात. आपल्या लाल गाळात केओलिनाइटबरोबर गोएथाइट, हेमॅटाइट अशी लोहाची ऑक्साइडं असतात, आणि ती स्वच्छ असली तर उदासीन पाण्यात ऋण नसून बऱ्याचदा धन असतात. पालापाचोळ्यातून आलेलं ह्युमिक द्रव्य त्यांच्यावर बसतं तेव्हा ती ऋण होतात. म्हणजे आंब्याच्या बागेखालून येणारा पऱ्या आणि नुकत्याच खोदलेल्या चिरेखाणीतून येणारं पाणी, दोन्ही दिसायला सारखी लाल, पण त्यांची मात्रा एक असेलच असं नाही. केओलिनवरचा आकडा उचलून आपल्या पाण्याला लावू नका. दोन्ही करा आणि फरक दाखवा. माझ्या मते चांगल्या प्रकल्पाचा गाभा इथेच आहे, नवं काही बनवण्यात नाही.

तीन बीकर आणखी हवेत. एकात फक्त तेवढंच ॲसेटिक आम्ल, कायटोसान नाही. एकात तुरटी. एकात तुरटी आणि थोडी चुन्याची निवळी. तुरटीच्या बीकरचा पीएच चुन्याशिवाय किती घसरतो आणि चुन्याने किती सावरतो हे विहीरमालकाच्या उपयोगाचं आहे, कारण तुरटी त्याच्या घरात आहे, कायटोसान नाही.

उरलेलं पाणी आणि विहिरीचे मालक

टाकाऊ पाण्याचं आधीच ठरवा. आम्लाचं आणि सौम्य कॉस्टिकचं वेगवेगळ्या कॅनमध्ये साठवा. मग कॉस्टिकच्या पाण्यात आम्लाचं हळूहळू ओता. पीएच ४ ते ५ च्या दरम्यान प्रथिनं दह्याच्या चोथ्यासारखी बाहेर पडतात, ती गाळून धुऊन कंपोस्टला जाऊ शकतात. वरचं पाणी ७ च्या आसपास आणून कॉलेजच्या सांडपाणी व्यवस्थेत सोडा. झाडांना घालू नका, त्यात मीठ फार असतं. आणि शोषखड्ड्यात तर मुळीच नाही. जांभा सच्छिद्र आहे, तुमच्या खड्ड्यातलं पाणी शेजारच्या विहिरीत जायला वेळ लागत नाही.

प्रयोगशाळेत केलेलं कायटोसान कुणाच्या पिण्याच्या पाण्यात टाकायचं नाही. त्यात उरलेलं कोळंबीचं प्रथिन असू शकतं आणि कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्याला ते बाधू शकतं. शिवाय निवळलेलं पाणी म्हणजे जंतू गेलेलं पाणी नव्हे. गाळ आधी काढायचा तो अशासाठी की गाळाच्या कणांआड जंतू क्लोरीनपासून वाचतात. निवळणं, गाळणं, मग टीसीएल (पाणी निर्जंतुक करायची क्लोरीनची पावडर), आणि पाण्यात मोकळं क्लोरीन निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर उरलेलं हवं.

ज्यांच्या विहिरीचं पाणी आणलं त्यांना आकडे त्याच आठवड्यात द्या, प्रबंध होईपर्यंत थांबू नका. एक पान पुरे, मराठीत: पीएच, गढूळपणा, अल्कलिनिटी, वाहकता, आणि तुरटी टाकायची तर किती, चुना लागेल का. जंतूंची तपासणी आपल्याकडे होत नसेल तर जिल्ह्याच्या किंवा उपविभागाच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना पाठवायला त्यांना मदत करा. बाटली निर्जंतुक हवी आणि तिच्या तोंडाला आतून हात लागता कामा नये. पाण्यात टीसीएल टाकलेलं असेल तर थायोसल्फेट घातलेली बाटली मागून घ्या, नाहीतर वाटेतच क्लोरीन जंतू मारतं आणि अहवाल खोटा चांगला येतो. नमुना बर्फात ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी पोचवा.